स्लॉट कारचा ट्रॅक: चिकट टेप की विणलेली पट्टी?

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत पिन अडकवून धावणारी विजेवरची खेळण्यातली गाडी; तिला वीज मिळते खाचेलगतच्या धातूच्या पट्ट्यांतून. एमडीएफचा (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीचा) जुना ट्रॅक नव्याने करणाऱ्या मित्राचं घोडं एका प्रश्नावर अडलंय: खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची चिकट टेप लावावी की तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी?

खर्चात टेप स्वस्त. मेहनतही कमी, रंग सुकला की मागचा कागद सोलायचा आणि बोटाने दाबत जायचं. पट्टीसाठी राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खाचेलगत उथळ बैठक कोरावी लागते, तीही रंगाआधी. भुसा घरभर होतो, तो वेगळाच.

टिकाऊपणात मात्र पारडं फिरतं. टेप वळणावर सुरकुतते, गाडीखालच्या, वीज घेणाऱ्या ब्रशांनी घासून तिच्या कडा उचलतात. जोडावर नुसती एकावर एक चिकटवली तर मधला गोंद करंट अडवतो, म्हणून सोल्डर हवंच. पट्टीत तांबं जास्त, त्यामुळे लांबच्या टोकाला गाडी मंदावत नाही. टेपला ठिकठिकाणी खालून जादा वायर द्याव्या लागतात.

गाडीखालच्या चुंबकाची ट्रॅकवरची पकड? साध्या तांब्यावर दोन्हीकडे शून्य.

आखणी अजून बदलणार असेल तर टेप लावा. ट्रॅक कायमचा असेल आणि पोरं रोज गाड्या पिटाळणार असतील, तर पट्टीच.