नऊ महिने, 14,200 किलोमीटर आणि पाठीत लागणारा आवाज

गेल्या दसऱ्याला गाडी घरी आली. दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, पाच माणसांची लक्झरी एसयूव्ही. ऑन रोड पाऊण कोटीच्या घरात गेली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण दोष माझ्या एका गाडीत निघाला आणि त्यावरून सगळ्या मॉडेलला नावं ठेवणं बरोबर नाही. पण जे झालं ते सविस्तर लिहिते. असाच आवाज ऐकून गप्प बसलेले आणखी कुणी असतील तर त्यांना उपयोग होईल.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. माझं काम फिरतीचं, आठवड्यातले तीन दिवस पणजी आणि वेर्णा. शिवाय महिन्यातून एकदा आईला उपचारासाठी बेळगावला न्यायचं असतं. साखळी, केरी, चोर्ला घाट, मग कणकुंबी, जांबोटी असा रस्ता. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, दोन्ही कानांना मशीन आहे आणि गाडी लागण्याचा त्रास. जुन्या गाडीत परतीच्या वाटेवर ती इतकी थकायची की घरी आल्यावर जेवायचीही नाही. एवढे पैसे घातले ते शांतपणासाठी. सनरूफसाठी नाही, पडद्यांसाठी नाही. शोरूममध्येही मी हेच सांगितलं होतं.

आणि गाडी शांत आहेच, हे आधी सांगायला हवं. पुढच्या काचा दुहेरी, मधे आवाज अडवणारा थर. सकाळी सातला वाड्यावरून निघताना पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू अगदी शेजारून गेला तरी लांबून आल्यासारखा वाटतो. सीटा उत्तम. एसी मे महिन्यातही पाच मिनिटांत गार करतो. फोंडा बाजारात पार्किंगचे हाल होतात, चिऱ्यांच्या कुंपणामधून वाड्यावरच्या गल्लीत वळवताना जीव मुठीत धरावा लागतो, पण ते घेतानाच ठाऊक होतं. पेट्रोल गावात लिटरला नऊ किलोमीटर, हायवेला बारा. इथवर तक्रार नाही.

तक्रार आहे ती ॲक्सिलरेटर दाबल्यावरच्या आवाजाची.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की फर्मागुडीचा चढ चढताना आत एक घोगरा, भरीव आवाज येतो, एखाद्या मोठ्या इंजिनासारखा. नवऱ्याला तो आवडला. मला खटकला, कारण बाहेर उभं राहून ऐकलं तर गाडीचा आवाज तसा नव्हताच. एका संध्याकाळी कदंब पठाराच्या सरळ रस्त्यावर मी बाजूच्या सीटवर बसले, गाणी बंद केली, आवाजाची पातळी शून्यावर आणली आणि सीटखालच्या वूफरच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या स्पीकरच्या, जाळीवर तळहात ठेवला. नवऱ्याला म्हटलं, आता दाब. त्याने दाबलं आणि जाळी हाताखाली थरथरायला लागली. पाय काढला, थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा थरथरली. म्हणजे इंजिनाचा तो भारदस्त आवाज स्पीकरमधून वाजवला जात होता!

ही लपवाछपवी नव्हे, उघड तंत्र आहे. बीएमडब्ल्यूने 2011 साली आणलेल्या एम5 मध्येही इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडलेला होता. पुढे बऱ्याच कंपन्यांनी ते केलं. टर्बो आल्यावर इंजिनं लहान झाली, सिलिंडर कमी झाले, बाहेरचा आवाज अडवला गेला, तेव्हा चालवणाऱ्याला काहीतरी ऐकू यावं म्हणून ही सोय. पण ज्याला नको आहे त्याला ती बंद करता आली पाहिजे आणि डिलिव्हरीच्या वेळी तसं सांगितलंही पाहिजे. मला कुणी सांगितलं नाही. माझ्या गाडीत ते ड्राइव्ह मोडच्या मेनूत तीन पायऱ्या आत सापडलं. बंद केलं आणि निम्मा आवाज गेला. नवी गाडी घेतलेल्या प्रत्येकाने आधी हे तपासावं. पाच मिनिटांचं काम आहे.

उरलेला निम्मा मात्र वेगळाच निघाला.

तो आवाज म्हणावा असा आवाज नव्हता. साठच्या आसपास वेग, सहावा गिअर, इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा 1600 ते 2000 च्या मधे, आणि पाय हलकेच दाबलेला. एवढं जमून आलं की गाडीत घुमायला लागायचं. रिकाम्या पिंपात तोंड घालून हुंकार भरावा तसं. जोरात दाबलं तर गिअर खाली यायचा, काटा 3500 वर जायचा आणि घुमणं बंद! पाय काढला तरी बंद. म्हणजे सावकाश, जपून चालवणाऱ्यालाच जास्त त्रास. आईला घेऊन मी तशीच चालवते.

डिसेंबरात बेळगावला निघालो. केरी सोडून चढ लागला, अंजुणे धरणाचं पाणी खाली दिसायला लागलं, आणि आरशात पाहिलं तर आई एकेक करून कानातली मशीन काढून डबीत ठेवत होती. विचारलं तर म्हणाली, "कानात घुमतंय गो." पाच मिनिटांनी मीच पुन्हा मागे वळून खुणेने विचारलं, आता बरं का? तिने मान हलवली आणि स्वतःच्या पाठीवर हात ठेवला. "काढलं तरी पाठीत लागतंय."

तेव्हा मला नुसतं वाईट वाटलं. तिने रोगाचं निदान करून दिलं होतं, हे कळायला पुढे चार महिने लागले.

सर्व्हिस सेंटरला पहिल्यांदा जानेवारीत गेले. सल्लागाराने पार्किंगमध्ये गाडी जागेवरच रेस केली, ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, टर्बो पेट्रोल आहे, असंच असतं." जॉबकार्डवर 'वाहनाचे वैशिष्ट्य' असं लिहिलं. दुसऱ्या खेपेला सॉफ्टवेअर अपडेट केलं, सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याचे स्क्रू आवळले. फरक शून्य. तिसऱ्या खेपेला त्यांनी आवाज मोजायचं यंत्र आणलं, माझ्या गाडीत मोजलं, डेमो गाडीत मोजलं. 64 आणि 63. एका डेसिबलचा फरक. "पाहा मॅडम, नॉर्मल आहे." मशीनच सांगतंय म्हटल्यावर पुढे बोलायचं काय? त्या दिवशी घरी येताना मला खरोखर वाटलं की आपल्याच कानांचं काहीतरी बिघडलंय. नवराही म्हणाला, सोड आता.

सोडलं नाही, कारण आईची डबी डोळ्यांसमोरून जात नव्हती.

मग मी वाचायला बसले. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात. 1800 आरपीएम म्हणजे सेकंदाला 30 फेरे, म्हणजे सेकंदाला 60 ठोके, यालाच 60 हर्ट्झ म्हणतात. आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजांमध्ये 60 हर्ट्झ हा अगदी तळाचा भाग, कानापेक्षा अंगाला जास्त कळणारा. आणि आवाज मोजायची नेहमीची यंत्रं 'ए' मापावर चालतात. हे माप माणसाच्या कानाच्या जाणिवेनुसार बेतलेलं आहे, म्हणून खालचे सूर त्यात मुद्दाम कमी धरतात. 63 हर्ट्झला तब्बल 26 डेसिबल कमी! घुमणारा आवाज त्या मापात जवळजवळ पुसलाच जातो. 'सी' मापात तिथे एका डेसिबलचीही वजावट होत नाही. त्यांचं यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते वेगळं काहीतरी मोजत होतं.

मोबाइलवर सी माप दाखवणारं एक ॲप घेतलं. मोबाइलचा आकडा अचूक नसतो हे मान्य, पण तोच मोबाइल, तीच जागा, तोच रस्ता ठेवला तर दोन गाड्यांतला फरक कळतो. झुआरीच्या नव्या पुलावर आगशीच्या बाजूने चढताना, साठच्या वेगात, सकाळी लवकर मोजलं. मॅन्युअल मोडमध्ये तोच गिअर, तोच आरपीएम ठेवून उतारावर पाय काढून मोजलं. मग काच उघडून मोजलं. तीन गोष्टी पक्क्या झाल्या. इंजिनावर भार असला तरच घुमतं. काच उघडली तरी घुमणं तेवढंच राहतं, म्हणजे आवाज बाहेरच्या हवेतून येत नाही. आणि घुमताना सीटच्या लोखंडी रुळाला बोट लावलं तर तिथे थरथर लागते.

पाठीत लागतंय, असं आई म्हणाली होती ते हेच. आवाज कानाच्या वाटेने नाही, सांगाड्याच्या वाटेने येत होता.

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसवलेलं नसतं. मधे माउंटिंग असतात, गॅरेजवाले ज्यांना फाउंडेशन म्हणतात. महागड्या गाड्यांत त्यांच्यात नुसतं रबर नसून आत द्रव भरलेला असतो, इंजिनाची थरथर तो जिरवतो. भार आला की इंजिन एका अंगाला कलतं. द्रव गळून गेला असेल तर रबर पार दबतं आणि इंजिनाचा प्रत्येक ठोका सरळ पत्र्यात उतरतो. पुढे जमीन, दारं, छत सगळं तबल्याच्या पुडीसारखं वाजायला लागतं. आणि गाडी मुळात जितकी शांत, तितका हा एकटा आवाज जास्त उठून दिसतो. जुन्या गाडीत तो वाऱ्याच्या आणि टायरच्या आवाजात बुडून गेला असता.

एप्रिलमध्ये चौथ्यांदा गेले ते एक पानभर लिहून घेऊन. कुठला वेग, कुठला गिअर, किती आरपीएम, कुठला रस्ता, दोन्ही मापांचे आकडे. काउंटरवर न देता वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञालाच गाडीत बसवायचा आग्रह धरला. पोरगा तिशीच्या आतला, डिचोलीकडचा. त्याने कागद पूर्ण वाचला, स्वतः चालवली, आणि घुमायला लागल्याबरोबर म्हणाला, "मॅडम, हे आवाजाचं काम नाही, हे फाउंडेशनचं आहे." परत येऊन गाडी लिफ्टवर घेतली, खालचं आवरण काढलं, टॉर्च मारला. उजव्या बाजूच्या माउंटिंगच्या बुडाशी ओल्या धुळीचा काळा ओघळ होता, अंगठ्याएवढा रुंद. त्याने बोट लावून मला दाखवलं. चिकट नव्हतं, तेल नव्हे. आतला द्रव.

तीन वेळा गाडी आत गेली होती. तीन वेळात ते आवरण कुणी काढलं नव्हतं, याचा मला आजही राग आहे. सहा स्क्रूंचं काम होतं.

वॉरंटीत माउंटिंग बदललं, भाग यायला सोळा दिवस लागले. त्याच पुलावर, त्याच वेळी पुन्हा मोजलं. ए मापात फरक एकाचा. सी मापात नऊ डेसिबल कमी. दहा डेसिबलला आवाज साधारण निम्मा वाटतो असं धरतात, त्यामुळे काय झालं असेल याची कल्पना येईल. सीटचा रूळ आता गप्प आहे.

मे महिन्यात बेळगावला गेलो तेव्हा मी घाटात रेडिओही लावला नाही. आई मागे बसून कुणाच्या तरी मुंजीची हकिकत सांगत होती आणि मी आरशात तिच्या कानांकडे बघत होते. कणकुंबीला चहाला थांबेपर्यंत मशीन कानातच होती. जूनच्या फेरीत, पावसात, काचेवरच्या सरींचा आवाज ऐकून तिने विचारलं, एवढा पाऊस आहे बाहेर? परत आलो त्या रात्री जेवली.

आता जे बदललेलं नाही ते सांगते. 4000 च्या पुढे इंजिन ओरडतं, अनमोडच्या बाजूला ट्रकला ओव्हरटेक करताना ते नक्की जाणवतं. तो दोष नव्हे, चार सिलिंडरचा मूळचा सूर आहे आणि तो कुठल्याही माउंटिंगने जाणार नाही. ज्यांना तोही नको असेल त्यांनी सहा सिलिंडरची गाडी किंवा इलेक्ट्रिक बघावी. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. आपल्या रोजच्या चढावर, गाणी बंद ठेवून, हलक्या पायाने घ्या आणि घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाला मागे बसवा.

डाव्या बाजूचं माउंटिंगही त्याच वेळी बदला असं मी म्हटलं होतं. ते गळत नाही म्हणून नकार मिळाला, तो मी जॉबकार्डवर लिहून घेतला आहे. पंधरा हजार किलोमीटरची सर्व्हिस गणेश चवथीच्या आधी येईल. खालचं आवरण माझ्यासमोर काढायचं, हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवलंय.