थेम्सच्या चिखलातलं ‘वेजवुड’ आणि १४० पौंडांचा चुना

क्रीमवेअरच्या खापऱ्या विकणाऱ्या एका माणसाने मला १४० पौंडांना गंडवलं. त्याचं नाव देत नाही, पण त्याची पद्धत तपशिलात सांगते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना रविवारच्या बूट सेलचा (म्हणजे गाड्यांच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजाराचा) आणि ऑनलाइन लिलावांचा नाद आहे, आणि हा माल तिथेच फिरतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रीमवेअर म्हणजे सायीच्या रंगाची, पातळ, हाताला हलकी लागणारी भांडी. १७४० नंतर स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी डेव्हन-डॉर्सेटची पांढरी माती आणि भाजून दळलेली गारगोटी एकत्र करून ती बनवायला घेतली. भांडं एकदा कोरडं भाजायचं, मग शिशाच्या पातळ झिलईत बुडवून पुन्हा भाजायचं. त्यांच्यातल्याच जोसाया वेजवुड या कुंभाराने या मालात सुधारणा केल्या, १७६५ मध्ये राणी शार्लटकडून चहाच्या सेटची ऑर्डर मिळवली आणि मालाचं नाव ‘क्वीन्स वेअर’ ठेवून टाकलं. पुढे रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी ९५२ नगांचा सेट केला. धंद्यात पक्का माणूस! तेव्हापासून हे नाव दिसलं की गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे जातो. त्या नावावर पोट भरणारेही जुनेच आहेत. स्टॉकटनचा एक कारखाना इंग्रजी स्पेलिंगच्या मधे जादा ‘ई’ घालून ‘वेजवुड’ छापायचा, त्याला १८४८ मध्ये कोर्टाने मनाई केली. माझा माणूस त्याच परंपरेतला म्हणायचा.

त्याची जाहिरात अशी होती: ‘थेम्सच्या काठावर, रॉदरहाइथजवळ सापडलेलं वेजवुड क्रीमवेअर, सुमारे १७६५.’ लाकडी पेटी, आत कापूस, कापसावर १४ खापऱ्या, प्रत्येकीखाली टाइप केलेली चिठ्ठी. सोबत ‘पुरातत्त्व नोंद क्रमांक’ छापलेलं एक कार्ड. मी बारीकसारीक प्रश्न विचारले तेव्हा त्याने लगेच व्हिडिओ पाठवला. त्यात एका खापरीच्या बुडाच्या कडीत, जिथे झिलई साचते त्या कोपऱ्यात, पिवळसर हिरवी रेघ स्वच्छ दिसत होती. क्रीमवेअर ओळखायची ही पहिली खूण, आणि व्हिडिओतली खापरी खरीच होती. मग “तुम्ही भारतातल्या ना? तुम्हाला जुन्या वस्तूंची कदर असणारच,” असा मस्का. आणि शेवटी, “थेट बँकेत पाठवा, साइटचं कमिशन वाचेल, तेवढे दहा पौंड कमी करतो.”

पेटी आली. नवरा म्हणाला, “फुटक्या बश्यांना दीडशे पौंड?” त्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

१४ पैकी तीन खापऱ्या अस्सल निघाल्या, आणि सगळी मेख इथेच आहे. खोट्या मालात थोडा खरा मिसळला की खरा बाकीच्यांचा जामीन राहतो. व्हिडिओत फिरवलेली खापरी त्या तिघींतली. दुसरी ताटाच्या कडेची, पिसाच्या नक्षीची. तिच्या मागच्या बाजूला तीन बारीक टोचे एकमेकांजवळ होते. झिलईच्या भाजणीत भांडं मातीच्या छोट्या तिवयांवर टेकवतात, त्यांच्या त्या खुणा. तुटलेल्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवला तर लगेच शोषला गेला, आणि कडेचा तपकिरी डाग आतपर्यंत असमान मुरलेला होता, कुठे गडद, कुठे नुसती छटा.

आता बाकीच्या अकरा. दोघींच्या बुडाशी साचलेली झिलई निळसर होती. हे पर्लवेअर. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात तसा झिलईत कोबाल्ट घालून पिवळेपणा मारायचा, ही युक्ती स्टॅफर्डशरमध्ये साधारण १७७५ पासून सुरू झाली, आणि वेजवुडने आपलं ‘पर्ल व्हाइट’ १७७९ मध्ये आणलं. म्हणजे तुकडे जुने खरे, पण चिठ्ठीवरचं १७६५ साफ खोटं. एक खापरी मोबाइलच्या टॉर्चसमोर धरली तर पलीकडे बोटांची सावली दिसली. क्रीमवेअरमधून उजेड आरपार जात नाही, ही बोन चायनाची बशी होती. उरलेल्या कोमट पाण्यात टाकल्या तेव्हा पाण्याला रंग चढला आणि चक्क चहाचा वास आला. जमिनीत किंवा चिखलात वर्षानुवर्षं मुरलेला डाग असा तासाभरात सुटत नाही. धुतल्यावर त्यांच्या तुटक्या कडा पांढऱ्याशुभ्र निघाल्या. अलीकडे फोडलेल्या.

राहिली ती पेटीतली महाराणी: बुडाचा तुकडा, त्यावर मातीत ठसवलेली ‘वेजवुड’ ही अक्षरं. किंमत खरी तिचीच लावलेली होती. ती घेऊन मी एका संग्रहालयात गेले. इथे सर्वसामान्य माणसाला सापडलेल्या वस्तू पाहून नोंदवणारे अधिकारी असतात, ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’चे. ही योजना १९९७ पासून चालू आहे. तिथल्या बाईंनी खापरीकडे बघण्याआधी कार्ड बघितलं आणि हसल्या. त्यांची योजना मुख्यतः १७०० च्या आधीच्या वस्तू नोंदवते, नंतरच्या अगदी निवडक. अस्सलपणाचा दाखला देत नाही, किंमत तर मुळीच सांगत नाही. मग हा क्रमांक कुठून आला?

नंतर त्यांनी टॉर्च आडवा, जवळजवळ टेबलाला टेकवून धरला. ‘वेजवुड’च्या खाली नखाएवढा पट्टा होता, तिथे झिलईची चमक नव्हती. वरून पाहिलं तर फक्त मळकट दिसायचा. भिंगाखाली त्यावर एकाच दिशेच्या बारीक घासणीच्या रेघा. पाण्याचा थेंब झिलईवर टिकून राहिला, त्या पट्ट्यावर मात्र जिरला, आणि ओलं होताच तीन अक्षरांचे तळ वर आले: ए, एन, डी. ‘इंग्लंड’ची शेपटी. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, तेव्हा हा शब्द अशा ठशांत दिसू लागला. क्वीन्स वेअर विसाव्या शतकातही बनत होतं. तसलंच एखादं ताट स्वस्तात घ्यायचं, फोडायचं, खालचा शब्द घासायचा, चहात बुडवायचं, की झालं ‘१७६५’.

तसा ठसा हा सगळ्यात कमी भरवशाचा पुरावा. अठराव्या शतकातलं बहुतेक क्रीमवेअर बिनठशाचंच आहे, आणि एकसारख्या किनारी अनेक कारखाने काढत होते. लीड्सची जाळीदार भांडी प्रसिद्ध, पण १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथेच त्यांच्या नकला बनू लागल्या आणि त्यांच्यावर ‘लीड्स पॉटरी’ ठसठशीत ठोकलेलं असे. उलट फेंटनमधल्या विल्यम ग्रेटबॅचच्या कारखान्याचा कचऱ्याचा ढीग जेव्हा शास्त्रशुद्ध खणला, तेव्हा आधी इतरांच्या नावावर घातलेली कितीतरी भांडी त्याची निघाली. तो गडी १७८२ मध्ये दिवाळखोर झाला होता, नाव विस्मृतीत गेलं होतं. ठसा नसलेल्या किनारीच्या तुकड्यावर कुणी छातीठोकपणे कारखान्याचं नाव आणि साल सांगत असेल, तर तो जाणकार नसून विक्रेता आहे.

ठगांना क्रीमवेअर का आवडतं, हे त्या बाईंशी बोलताना मला कळलं. थेम्सच्या काठावर काही शोधायला बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि ३०० वर्षांहून जुन्या वस्तू तज्ज्ञांना दाखवाव्या लागतात. क्रीमवेअर त्या मर्यादेत बसत नाही. १७०० च्या नियमातही बसत नाही. खजिन्याचा कायदा मुख्यतः सोन्याचांदीचा. त्यामुळे खऱ्या खापरीचीही सरकारदरबारी नोंद नसते आणि खोट्या गोष्टीला पकडणारं कुणी नसतं. जुनं म्हणून विकायला पुरेसं जुनं, पण कागदावर येण्याइतकं जुनं नाही. वर तसंच दिसणारं नवं ताट कुठल्याही चॅरिटी शॉपमध्ये मिळून जातं.

म्हणून विक्रेत्याकडे हे मागा: नेमकी जागा, परवाना, जमीन खासगी असेल तर मालकाची लेखी संमती, कारण इथे सापडलेली वस्तू सहसा जमीनमालकाची असते. प्रत्येक खापरीचे बुडाचे, तुटक्या कडेचे आणि आडव्या उजेडातले फोटो मागा. एका तुकड्याचा व्हिडिओ चालवून घेऊ नका. पैसे क्रेडिट कार्डाने भरा. वस्तू १०० पौंडांहून महाग असेल आणि विक्रेता व्यावसायिक असेल, तर १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडेही दावा लावता येतो. ‘थेट बँकेत’ गेलेल्या पैशांबाबत माझ्या बँकेने सहानुभूतीचं पत्र पाठवलं. पैसे नाही पाठवले. विक्रेत्याला घासलेल्या पट्ट्याचा फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर आलं: “मीही कुणाकडून तरी विकत घेतलंय.” त्यानंतर खातंच बंद.

मागच्या आठवड्यात तोच पेटीचा फोटो दुसऱ्या नावाने विक्रीला दिसला. चिठ्ठ्याही त्याच, कोपऱ्यातली दुमडलेली चिठ्ठीसुद्धा. यावेळी माल लिव्हरपूलच्या गोदीत सापडलाय आणि किंमत २० पौंडांनी वाढली आहे. साइटकडे तक्रार केली आहे, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.