पापणीगणिक ओलावा देणारी लेन्स: तीन महिन्यांचा अनुभव

वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात दांडिया बाजार ते अलकापुरी असे रोज स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाला कोरड्या डोळ्यांचे दुखणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. महिनाभर वापरायच्या कॉन्टॅक्ट लेन्सने संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असे, म्हणून रावपुऱ्यातील ज्या दुकानातून आमच्या घरचे चष्मे येतात, तिथल्या ताईंच्या सल्ल्याने मी नेलफिलकॉन ए या हायड्रोजेलच्या (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पदार्थाच्या), दिवसाअखेर टाकून द्यायच्या लेन्स घेतल्या.

या लेन्सची खरी खुबी तिच्या घडणीत आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या जाळीत 69 टक्के पाणी धरलेले असते आणि त्याच पदार्थाचे काही रेणू जाळीला न जोडता मोकळे ठेवलेले असतात. पापणी मिटते तसे ते थोडे थोडे अश्रूंच्या थरात उतरतात आणि लेन्स व पापणी यांच्यातले घर्षण कमी करतात. ताईंनी पहिल्या दिवशी ती बोटाच्या टोकावर ठेवून दाखवली. "कडा वाटीसारख्या उभ्या हव्यात. ताटलीसारख्या पसरल्या, तर लेन्स उलटी झाली आहे असे समजा."

सकाळचे पाच-सहा तास डोळ्यांत काही आहे याचा खरोखर विसर पडतो. मात्र संगणकावर हिशेब करताना दुपारी चारच्या सुमारास कोरडेपणा परत येई आणि मी लेन्सलाच दोष देत होते. ताईंनी एवढेच विचारले, "आकडे बघताना पापण्या मिटता का तुम्ही?" एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटणारी पापणी पडद्यासमोर निम्म्याहूनही कमी वेळा मिटते, आणि ही लेन्स तर पापणी मागेल तेवढेच देते. आता प्रत्येक बिलानंतर मी मुद्दाम डोळे पूर्ण मिटते. त्याने तासाभराचा तरी फरक पडला आहे.

मोकळे रेणू सुरुवातीला भराभर निघून जातात आणि पुढे पुरवठा आटतो, ही या रचनेची मर्यादा मला महत्त्वाची वाटते. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी 2004 मध्ये लेन्समधून डोळ्याला औषध देण्यासाठी ते आधी नॅनोकणांत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत भरून ते कण लेन्सच्या जाळीत बसवण्याचा मार्ग दाखवला, ज्यात औषधाला आधी कणातून आणि मग जाळीतून बाहेर पडावे लागत असल्याने ते सावकाश झिरपते. ते काम औषधासाठी होते, पण संध्याकाळपर्यंत वंगण पुरवायचे तर मला हीच दिशा योग्य वाटते.

सिलिकॉन हायड्रोजेलच्या, म्हणजे सिलिकॉन मिसळलेल्या लेन्सच्या मानाने हिच्यातून प्राणवायू कमी जातो, त्यामुळे दुपारच्या डुलकीपुरतीही ती डोळ्यांत ठेवू नये. खर्चही बराच आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असल्याने तीस लेन्सचे दोन डबे एकदम घ्यावे लागतात. म्हणून लग्नकार्याला आणि प्रवासात मी या लेन्स घालते, तर महिनाअखेरच्या हिशेबाला चष्माच लावते.