छत धुण्याचा व्यवसाय: हायपो घ्यावं की बेन्झाल्कोनियम?

छतावरचे काळे ओघळ घालवायचे तर सोडियम हायपोक्लोराइटला (हायपो, म्हणजे ब्लीचमधलं रसायन) तोड नाही. १२ टक्क्यांच्या एका भागात दोन भाग पाणी घातलं की ४ टक्क्यांचं द्रावण होतं. त्यात थोडं क्लोरीनला टिकणारं सर्फॅक्टंट (द्रावण छताला धरून ठेवणारं साबणासारखं रसायन) टाका, नाहीतर उतारावरून ते लगेच ओघळतं. १५-२० मिनिटांत फरक दिसतो, त्यामुळे गिऱ्हाईक खूश आणि पैसे त्याच दिवशी. पण झाडं आधी आणि नंतर भरपूर पाण्याने भिजवावीच लागतात. पन्हळीतून खाली येणारं द्रावणच बहुतेक झाडं जाळतं, फवारा नव्हे! धातूचे पत्रे आणि पंपाचे धातूचे भाग गंजतात. उन्हात ठेवलेला साठा झपाट्याने कमजोर होतो. आम्लाशी संपर्क आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक सावकाश काम करतं. ५० टक्क्यांच्या एका भागाला २४ भाग पाणी, म्हणजे २ टक्के. कोरड्या छतावर फवारायचं, काही तास पाऊस नको. शेवाळ आणि दगडफूल मरतं, पण झडायला आठवडे-महिने लागतात. हे गिऱ्हाइकाला आधीच लेखी सांगा. जलचरांना मात्र ते घातक, म्हणून तळ्याजवळ टाळा.

ओघळांची कामं जास्त असतील तर सुरुवात हायपोने करा. दोन्ही एकाच टाकीत कधीच नको.