पियानो ट्यून कधी करायचा? मिरगाआधी, गणपतीआधी की दिवाळीनंतर

कोकणात बहुतेक ठिकाणी ट्यूनर मुंबईहून नाहीतर गोव्याहून बोलवावा लागतो, येण्याजाण्याचा खर्च वेगळा, म्हणून वर्षातून एकदाच करू म्हणणारे बरेच. पण मग महिना चुकला की पैसे अक्षरशः पावसाच्या पाण्यात.

सगळ्यात जास्त लोक मे महिना धरतात, मुंबईकर गावी आलेले असतात, पोरांना सुट्टी असते. मला विचाराल तर हाच सगळ्यात वाईट पर्याय. पियानोत दोनशेच्या वर तारा, त्या ज्या साउंडबोर्डवर दाब देतात ती पातळ लाकडी फळी, ती हवेतला ओलावा पिऊन फुगते, वर उचलली जाते आणि तारा ताणल्या जाऊन सूर चढतो. मिरग लागला की हे सुरू. मेमध्ये ४४० ला (४४० हर्ट्झ, नेहमीचा प्रमाण सूर) लावलेला पियानो जुलैत चढलेला, आणि सगळा सारखा चढला असता तर एकवेळ चाललं असतं, पण मधल्या पट्टीतल्या तारा खर्जातल्यांपेक्षा जास्त चढतात, म्हणजे स्वतःशीच बेसूर.

गणपतीत पेटीबरोबर वाजवायचा असेल तर जुलैअखेर करा. लाकडाने तोवर प्यायचं तेवढं पाणी प्यायलेलं असतं, हवा सप्टेंबरपर्यंत तशीच दमट, सूर बऱ्यापैकी टिकतो. पण दोनेक महिनेच. नंतर लाकूड सुकतं आणि सूर उतरतो. मी एकदा दसऱ्याच्या आठवड्यात करून घेतला, पाऊस गेला असं वाटलं म्हणून, आणि नाताळपर्यंत मधली दोन सप्तकं उतरलेली, फार वाईट वाटलं. जून आणि ऑक्टोबर सोडाच, हवा बदलत असताना ट्यूनिंगला अर्थ नाही.

एकदाच करणार असाल तर दिवाळीनंतर, नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. लाकूड सुकून स्थिरावलेलं असतं, पुढचे तीन-चार महिने हवेत मोठा बदल नाही, नाताळची कॅरल्स आणि थंडीतली लग्नं सगळं निघतं. दोनदा जमत असेल तर नोव्हेंबर आणि जुलैअखेर. नवीन पियानोला ही चर्चा लागूच नाही, तारा अजून सैल होत असतात, पहिल्या वर्षी तीन-चारदा लागतंच.

जुना पियानो बरीच वर्षं लावलेला नसेल तर तारांना गंज आहे का ते आधी बघायला सांगा, खाऱ्या वाऱ्यात गंजलेली तार एकदम ओढली की तुटते. तसा पियानो नोव्हेंबरात थोडा चढवून घ्या आणि थोड्या आठवड्यांनी परत लावा, खर्च दुप्पट होईल पण तारा वाचतील.

तारीख ठरवायच्या आधी घरातल्या पेटीचा एक सूर धरून पियानोवर तोच वाजवून बघा. पेटीच्या पितळी पट्ट्या ओलाव्याने फारशा हलत नाहीत, त्यामुळे पियानो किती सरकलाय ते लगेच कानाला कळतं. आणि पियानो समुद्राकडच्या खिडकीखाली असेल तर ट्यूनर यायच्या दोन-तीन आठवडे आधी आतल्या भिंतीला हलवा, लावल्यावर नको.