लिश्टेनस्टाइन की सान मारिनो, भारी कोण?

दोन्ही देश एवढुशे की मॅपवर झूम करून शोधावे लागतात. लिश्टेनस्टाइन १६० चौ.किमी, सान मारिनो तर फक्त ६१, आणि एअरपोर्ट दोघांकडेही नाही.

लिश्टेनस्टाइनला समुद्र नाहीच, पण त्याच्या शेजारच्या स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियालाही नाही, असा जगात दुसरा देश फक्त उझबेकिस्तान. आर्मी त्यांनी १८६८ लाच बंद करून टाकली, खर्च परवडत नाही म्हणून. २००७ मधे स्विस सैनिक रात्री ट्रेनिंग करताना रस्ता चुकून यांच्या हद्दीत घुसले तरी कोणाला पत्ता नाही, स्विसनीच नंतर कळवलं 😄 आणि नॅशनल डे कधी, तर आपलाच १५ ऑगस्ट! पण बायकांना मतदानाचा हक्क १९८४ मधे, युरोपात असून, हे मात्र अजिबात पटत नाही.

सान मारिनो चारी बाजूंनी इटलीच्या पोटात. तिथे राजा नाही, एकावेळी दोन-दोन राष्ट्रप्रमुख असतात आणि तेही फक्त सहा महिन्यांसाठी, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला नवीन जोडी येते, ही पद्धत १२४३ पासून चालूये म्हणजे आपल्या शिवरायांच्या जन्माच्याही जवळपास चारशे वर्ष आधीपासून, विचार करा. अब्राहम लिंकनला यांनी मानद नागरिक केलेलं. टोकियो ऑलिंपिकमधे तीन मेडल्स पण आणली, लोकसंख्या साधारण ३४ हजार असताना.

लिश्टेनस्टाइनकडे पैसा जास्त, मान्य, पण माझं मत सान मारिनोलाच.