लाल दिवा डिक्कीत, दुखणं डाव्या दारात: चार चॅनेल ॲम्पचे अकरा महिने

गाडीच्या स्टिरिओचा आवाज वाढवणारा हा ॲम्प (ॲम्प्लिफायर) डिक्कीत बसवून अकरा महिने झाले. त्यातले तीन आठवडे तो झाकण काढून माझ्या टेबलावर पडला होता, त्यामुळे आतून-बाहेरून दोन्हीकडून लिहितोय.

आवाजाबद्दल तक्रार नाही. पुढच्या दोन चॅनेलवर दारांतले स्पीकर, मागचे दोन ब्रिज करून (म्हणजे जोडून एकच करून) ४ ओहमचा सबवूफर, म्हणजे खोल आवाजाचा मोठा स्पीकर. खोक्यावर छापलेले १६०० वॅट मात्र विसरा. ॲम्पला २५ अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. ५० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ६९० वॅट आत जाणार, आणि क्लास एबी (या ॲम्पच्या सर्किटचा प्रकार) मधून त्यातले साधारण ६० टक्के बाहेर येणार. म्हणजे धरून चाला ४००. गाडीला तेवढे भरपूर झाले, मग ही बढाई कशाला?

सातव्या महिन्यात नवीन खोड सुरू झाली. गाडी खड्ड्यात आदळली की ॲम्पवरचा हिरवा दिवा लाल, गाणं बंद. स्टिरिओ बंद करून चालू केला की पुन्हा सगळं ठीक. मी अर्थिंगवर संशय घेतला, बोल्टखालचा रंग खरवडला, मीटर लावला. इंजिन चालू असताना ॲम्पच्या टर्मिनलवर १४.१ व्होल्ट, रिमोटच्या वायरवरही (स्टिरिओ जिच्यातून ॲम्प चालू करतो ती) १२ च्या वर. अर्थिंग निर्दोष. इथे शोध थांबवला आणि दोन आठवडे तसाच गाडी चालवत राहिलो. ही चूक माझीच. एके दिवशी लाल दिवा लागला तो लागलाच.

दुकानात झाकणही न उघडता निदान झालं: "बोर्ड गेला, नवीन घ्या."

घरी येऊन स्पीकरच्या आणि आरसीएच्या (स्टिरिओकडून गाणं आणणाऱ्या) सगळ्या वायरी काढल्या. तरी लाल. म्हणजे बिघाड आतच. पॉवर सप्लायचे मॉसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) आधी तपासले, ते ठणठणीत. पुढच्या डाव्या चॅनेलच्या एका आउटपुट ट्रान्झिस्टरवर मात्र कलेक्टर-एमिटर या दोन पायांमध्ये ०.३ ओहम, प्रोब उलटे धरले तरी तेवढेच. बोर्डवरचं रीडिंग फसवू शकतं म्हणून काढून मोजला. शॉर्टच. जोडीतले दोन्ही बदलले, कारण दुसऱ्यानेही तोच मार खाल्लेला असतो. त्यांच्या जवळचा एक एमिटर रेझिस्टरही उडाला होता.

चालू करण्याआधी ट्रान्झिस्टर इन्सुलेशनच्या पट्टीसकट हीटसिंकवर घट्ट कसले. ते न करता "जरा बघूया" म्हणणाऱ्यांचे नवे ट्रान्झिस्टरही जातात. मग प्लसच्या वायरीत हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब मध्ये घातला. आत शॉर्ट असेल तर तो भगभगीत पेटून राहतो. माझा क्षणभर उजळला (कपॅसिटर भरले) आणि मंदावला. स्पीकर टर्मिनलवर डीसी १४ मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास शून्य. जीव भांड्यात पडला.

पण नेमका डावाच चॅनेल का गेला? तसाच बसवला असता तर आठवड्यात पुन्हा टेबलावर आला असता. मीटर बीपवर ठेवून (दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो) एक प्रोब डाव्या स्पीकरच्या मोकळ्या वायरीला, दुसरा गाडीच्या बॉडीला. दार सताड उघडं, मीटर गप्प. दार अर्धं लोटलं आणि बीप! दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीत वायरीचं कव्हर घासून तांब्याची एक तार चमकत होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा माझा दोन आठवड्यांचा कारभार. दारापर्यंतची वायर नवीन टाकली.

त्याला चार महिने होत आले, लाल दिवा दिसलेला नाही. राग आहे तो त्या दिव्यावरच: ॲम्प तापला, वायर शॉर्ट झाली, आत ट्रान्झिस्टर मेला, सगळ्याला एकच लाल. माहितीपुस्तिकेत त्यावर एकच ओळ, "वायरिंग तपासा." बंद करताना सबमधून बारीक 'ढप्प' येतो, तो पहिल्या दिवसापासून आहे. आणि टर्मिनलचे स्क्रू हादऱ्यांनी सैल पडतात, म्हणून त्यांची ॲलन की आता ॲम्पच्या शेजारीच टेपने चिकटवून ठेवली आहे.